पळसाच्या सरबताच्या पाकात साखरेचे खडे होत असतील तर

धुऱ्यावरच्या पळसाचं सरबत बाटलीत भरलं की काही दिवसांत तळाशी साखरेचे खडे. पाणी वाढवलं तर बुरशी, फ्रिजमध्ये खडे आणखीच. वैताग नुसता!

जमलं ते असं. फुलांची काळपट मखमली वाटी काढून फक्त केशरी पाकळ्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या, फडक्यातून गाळल्या. त्या ६०० मिली पाण्यात १ किलो साखर, मंद आच, विरघळेपर्यंतच ढवळणं. उकळी आली की एका लिंबाचा रस: आंबटपणानं थोडी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटते, मग खडे धरत नाहीत. रंग जरा पिवळा पडतो, पडू द्या. यानंतर चमचा अजिबात घालायचा नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेले कण ओल्या फडक्यानं पुसायचे. पाच मिनिटांनी, तार यायच्या आधीच उतरवून कोरड्या बाटलीत.