केस ओळखा, मग माशी बांधा : या चुका टाळा

दिंडोरीकडच्या एका शेततळ्यावर, बागायतदाराची परवानगी घेऊन, मी संगमनेरी शेळीच्या केसांची पहिली माशी, म्हणजे मासे पकडायला गळावर केस आणि दोरा बांधून केलेलं नकली आमिष, पाण्यात टाकली. चिलापीने धरली, झटका दिला, सोडली. माशी वर काढून पाहिली तर गळाच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे जसेच्या तसे होते आणि केस मात्र एकही नव्हता. मुठीतून ओला साबण सुटावा तसा सगळा झुबका वेढ्यांमधून निसटला होता.

दोरा चांगला होता, गाठही पक्की होती. चुकलं होतं ते केसाबद्दलचं गृहीतक. आपण बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून शिकतो आणि त्यात असतात हरणाचे केस. इथे नाशकात हाताशी असतात शेळी, मेंढी, म्हैस, डांगी बैल, घरचा कुत्रा. हे सगळे केस उत्तम आहेत, पण ते हरणासारखे वागत नाहीत.

भरीव केस फुलवायला जाणं

हरणाच्या अंगावरचा केस आतून हवेच्या कप्प्यांचा, जवळजवळ पोकळ असतो. दोरा आवळला की तो दबतो, दुमडतो आणि छत्रीसारखा उभा राहतो. म्हणूनच तो दांडीभोवती गोल फिरवता येतो, कातरून बेडकासारख्या माशीचं डोकं करता येतं, आणि माशी तरंगते. शेळीचा लांब केस गुळगुळीत आणि कडक. दोरा त्यात रुतत नाही. कितीही आवळा, तो फुलणार नाही. उलट जास्त आवळलं तर दोराच तुटतो.

नवा केस हाती आला की आधी एक चाचणी करा. काडीपेटीतल्या काडीइतका जाड झुबका दांडीवर धरा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्या आणि सावकाश खाली ओढा. टोकं उभी राहिली तर तरंगती माशी करा. नुसती दबली तर त्या केसाची जागा शेपटीत किंवा पाण्याखाली पोहणाऱ्या लांब माशीत आहे. शेळीचा केस पाण्यात जो सळसळतो तो बघण्यासारखा असतो, त्याला जबरदस्तीने बेडूक करू नका.

निसटणं थांबवायचं तर आधी उघड्या दांडीवर दोऱ्याचा थर द्या. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत केस टिकणारच नाही. केसांची बुडं सरळ न कापता तिरकी कापा. पहिले तीन वेढे झाल्यावर बुडांवर पातळ डिंकाचा किंवा नेलपॉलिशचा एक थेंब सोडा आणि तो ओला असतानाच पुढचे वेढे घ्या. मध्ये एखादा वेढा दांडीला न गुंडाळता फक्त झुबक्याभोवती घ्या. शेततळ्यावरच्या त्या फजितीनंतर मी असंच बांधतो आणि तेव्हापासून झुबका सुटलेला नाही.

आतली लव न काढणं

ही चूक सर्वात जास्त दिसते आणि सर्वात कमी लक्षात येते. जनावराच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात : वरचे राठ, लांब केस आणि त्यांच्या बुडाशी मऊ लव. झुबका कापून तसाच बांधला की दोरा लवेवर बसतो, राठ केसांना धरतच नाही. डोकं फुगतं, गळाचं नेढं झाकलं जातं आणि तळ्यावर उभं राहून दोर ओवताना जीव जातो.

झुबका टोकांकडून घट्ट धरा आणि बुडाकडून उवांच्या फणीने विंचरा. फणीत येईल ती लव फेकू नका, डबीत भरून ठेवा. मेण लावलेल्या दोऱ्यावर तीच पिळून माशीचं अंग होतं. पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रिव्हर केस टाकतो तेव्हा त्याच्या कंगव्यात अशी लव मुठीमुठीने मिळते. आणि झुबका तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माच घ्या. ओला झाला की विरळ केसच माशासारखा दिसतो.

धुणं : कमी आणि जास्त, दोन्ही वाईट

मेंढीच्या लोकरीत मेणासारखा चिकट अंश असतो. न धुता बांधली तर दोरा सरकतो, रंगही धरत नाही. कोमट पाणी आणि रिठा पुरे. उकळत्या पाण्यात घालून चोळलीत तर लोकरीचं घोंगडं होईल, केस सुटे राहणार नाहीत.

पण तोच स्निग्धपणा तरंगत्या माशीला हवा असतो. इंग्लंडमधल्या टिव्हर्टनच्या आर. एस. ऑस्टिन यांची 'टप्स इंडिस्पेन्सेबल' ही प्रसिद्ध माशी मेंढ्याच्या अंडकोशावरच्या लोकरीची. तिथल्या बोलीत टप म्हणजे मेंढा. ती लोकर मुळातच पाणी झटकणारी. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभी राहणारी डांगी जनावरंही अंगावर तेलकट थर बाळगून असतात. डांगीचे कातरलेले केस मिळाले तर मी फक्त थंड पाण्यात खळबळून घेतो, साबण लावत नाही.

रंगवायचं असेल तर सुती कापडाचा रंग वापरू नका, तो केसावर नीट बसत नाही. खायचा रंग, थोडं व्हिनेगर आणि मंद आच एवढ्यावर छान काम होतं.

कोणाचे केस, कुठून आले

इथे मी कुणाचीही भीड धरत नाही. मुंगूस, रानससा, सांबर, साळिंदर हे प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मुंगसाचे केस ब्रशवाल्यांकडून 'थोडेसे' मिळतात असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. त्या थोड्यासाठी मुंगसं मारली जातात. रस्त्यावर मेलेलं जनावरही उचलायचं नाही. आपोआप गळालेलं मोरपीस घरात चालतं, पण परदेशातल्या मित्राला पाठवता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरला फिरायला गेलात तर पाणथळीच्या काठचं पीस तिथेच राहू द्या. ते अभयारण्य आहे, आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.

पाळीव जनावरांचे केस हवे तेवढे मिळतात. म्हैस भादरायला घेतली की मालकाला आधी सांगून ठेवा. धनगर मेंढ्या कातरतात तेव्हा पिशवी घेऊन जा आणि पैसे देऊन घ्या. मात्र अचानक, कारण न कळता मेलेल्या जनावराचे केस फुकट मिळाले तरी घेऊ नका. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू केसांत आणि लोकरीत बराच काळ टिकतात.

पावसाळ्यात पेटी बंद करून विसरणं

कसर लागली की काही आठवड्यांत झुबक्याचा भुगा होतो. नवीन केस आले की धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, बंद पिशवीत चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मग बाहेर काढून दोन दिवसांनी पुन्हा तितकेच दिवस. घरच्यांना आधी विचारा, कारण पिशवी भाजीशेजारी असते. प्रत्येक जनावराची पिशवी वेगळी ठेवा आणि वर तारीख लिहा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पिशवीच्या तळाशी बघा. तिथे वाळूसारखे बारीक कण दिसले तर ती पिशवी त्याच दिवशी घराबाहेर काढा.