व्यायामोपचाराचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

व्यायामाने पेशंटला किती फरक पडेल, हे पहिल्याच भेटीत सांगता यावं म्हणून मॉडेल बनवायचं असतं. मग पहिल्या भेटीत जे माहीतच नसतं ते मॉडेलमध्ये घालायचं नाही. इतकं साधं आहे, तरी हीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते.

एकदा गुडघेदुखीच्या पेशंटांचा बारा आठवड्यांचा डेटा हातात होता. एयूसी (सुधारणारे आणि न सुधारणारे पेशंट मॉडेल किती नीट वेगळे ओळखतं याचा आकडा, 1 म्हणजे अचूक) 0.9 च्या वर गेला, टीम खूश झाली. मला मात्र खटकलं, कारण दुखण्याचं भाकीत इतकं नेमकं सहसा येत नाही. एकेक कॉलम काढून मॉडेल पुन्हा चालवत बसले. ‘एकूण सत्रे’ काढला आणि आकडा धाडकन खाली आला. एकूण सत्रं किती झाली हे बाराव्या आठवड्यात कळतं! शिवाय ज्यांना आराम पडत होता तेच येत राहिले होते, म्हणजे त्या कॉलममध्ये उत्तरच दडलेलं होतं. सगळं काम नव्याने करावं लागलं. तेव्हापासून कोडची एक ओळही लिहिण्याआधी मी प्रत्येक कॉलमपुढे तो कोणत्या दिवशी भरला गेला ते लिहिते. पहिल्या दिवसानंतरचं सगळं बाद. नवशिक्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं, त्यांना संध्याकाळपर्यंत मॉडेल हवं असतं. मी त्यांना आधी ही यादीच करायला लावते.

दुसरी चूक म्हणजे शेवटचा स्कोअर रिकामा दिसला की ती ओळच उडवणं. मध्येच सोडून गेलेल्यांपैकी कुणाचं दुखणं वाढलेलं असतं, कुणाला बरं वाटलेलं असतं, कुणाला कामावरून सुट्टी मिळत नसते. त्यांना वगळलं की मॉडेल फक्त टिकलेल्यांवर शिकतं. मी टिकलेल्यांचं आणि गेलेल्यांचं वय, सुरुवातीचं दुखणं शेजारी शेजारी मांडते, फिजिओथेरपिस्टला विचारते, मग मल्टिपल इम्प्युटेशन वापरते, म्हणजे रिकाम्या जागी संभाव्य आकडे अनेकदा भरून सगळे निकाल एकत्र करते. आधीचाच स्कोअर पुढे ओढून भरणं मला अजिबात मान्य नाही. पेशंट यायचा थांबला म्हणून त्याचं दुखणं तिथेच थांबत नाही.

एकाच पेशंटच्या चार भेटी चार ओळींत असतील, तर ट्रेन-टेस्टची (मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा डेटा) विभागणी पेशंटनुसार करा, नाहीतर तोच पेशंट दोन्हीकडे येतो. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीतले मीटर मीटरच राहू द्या, ‘सुधारला’ आणि ‘नाही सुधारला’ असे कप्पे पाडू नका. स्टेपवाइजवर (एकेक व्हेरिएबल आपोआप घालत-काढत जाणारी पद्धत) व्हेरिएबल निवडायचं काम सोपवू नका. निकाल हो-नाही असाच हवा असेल, तर एयूसीसोबत कॅलिब्रेशनही बघा: ज्यांना 70 टक्के शक्यता सांगितली, त्यांच्यातले शंभरात साधारण सत्तर खरंच सुधारले का?

आणि एक. दुखणं टिपेला पोचलं की माणूस उपचाराला येतो. आज 0 ते 10 मध्ये 9 सांगणारा काही आठवड्यांनी 6 सांगू शकतो, व्यायाम न करताही. टोकाचे आकडे पुन्हा मोजले की सरासरीकडे सरकतात. सांख्यिकीतज्ज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत असंच सरकणं दाखवलं होतं. म्हणून कंट्रोल गट (तुलनेसाठी व्यायाम न दिलेले पेशंट) नसेल तर रिपोर्टमधला ‘व्यायामामुळे’ हा शब्द मी खोडते आणि ‘व्यायामानंतर’ लिहिते.