भारतीय मिराज एफ-१ रंगवताना

आधी इतिहासातली फट शोधा. १९७८ साली भारतीय हवाई दलाने जग्वार हे लढाऊ विमान निवडलं; स्पर्धेत मिराज एफ-१ही होतं. तेच निवडलं असतं तर? इथून माझं विमान सुरू झालं.

डीसीएस या विमान उडवण्याच्या कम्प्युटर गेममध्ये मिराज एफ-१ आहे, म्हणून नवं मॉडेल बनवायची गरज नाही, नवा रंग पुरतो. सेव्ह्ड गेम्समधल्या लिव्हरीज (म्हणजे विमानांचे रंग) फोल्डरात त्या विमानाच्या नावाचं फोल्डर करा आणि त्यात आपल्या रंगाचं आणखी एक. रंगाची डीडीएस प्रकारातली चित्रं आणि कुठलं चित्र कुठे लावायचं हे सांगणारी डिस्क्रिप्शन डॉट लुआ ही फाइल तिथे ठेवा. फाइलमध्ये चित्राचं नाव एका अक्षराने जरी चुकलं, तरी रंग दिसत नाही.

हवाई दलाच्या खुणेच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हे उलटं झालेलं मला खपत नाही.

खरी मजा झिजलेल्या रंगात. घोडबंदर रोडला सिग्नलवर उभ्या ट्रकचा पत्रा निरखा: प्रत्येक रिव्हेटखाली पावसाचा तपकिरी ओघळ, वर जाड, खाली विरत जाणारा. विमानावर मात्र तो हवेच्या दिशेने, मागे ओढा. चित्राच्या वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, वीस टक्के अपारदर्शक. मी पहिल्यांदा साठ ठेवले होते. विमान भंगारातलं वाटलं.