लाइव्ह कार्यक्रमासाठी मोठा एलईडी साउंड मीटर: नव्यानं बनवणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

मोठा एलईडी साउंड मीटर, म्हणजे आवाज वाढेल तसे दिवे वर चढत जाणारा खांब, बनवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी एलईडीच्या पट्ट्या विकत आणतात. किती फूट उंच करायचा, रंग कोणते, खालून वर कसा धावेल, यावर कट्ट्यावर चर्चा रंगते. माझं म्हणणं, खिशात हात घालण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून टाका: हा मीटर कोणाकडे तोंड करून उभा राहणार? श्रोत्यांकडे, की साउंडवाल्याकडे? मायक्रोफोन कुठे लावायचा, स्केल किती ठेवायचं, पट्टी किती चपळ हवी, आकडा दाखवायचा की नाही, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आमचा पहिला मोठा खांब कॉलेजच्या गॅदरिंगसाठी होता, स्टेजच्या कडेला, श्रोत्यांकडे तोंड करून. पहिलं गाणं संपेपर्यंत सगळे बँडकडे बघत होते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शिट्टी मारली की पट्टी वर चढते. झालं! दोन गाण्यांच्या मधल्या वेळात पोरं बँडला विसरून खांब लाल करायच्या मागे लागली, आणि निवेदकानं "अजून आवाज!" करत आगीत तेल ओतलं. कन्सोलवरचे, म्हणजे साउंडच्या मिक्सरवरचे काका मला म्हणाले, "काय रे, हे आवाज मोजायला आणलंयस की वाढवायला?" त्या दिवशी मजाच करायची होती, त्यामुळे ते साजून गेलं. पण आवाज ताब्यात ठेवायचा असेल तर तोच खांब कन्सोलकडे वळवावा लागतो, आणि मग त्याच्या आतलं जवळजवळ सगळं बदलतं.

सुरुवात लहान करा. एलएम३९१५ नावाची जुनी चिप आहे. ती १० एलईडी पेटवते आणि दर एलईडीला ३ डेसिबलची पायरी धरते, म्हणजे एकूण ३० डेसिबलची शिडी. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) हे एकदा जुळवलंत की डेसिबल हे लॉगरिदमचं माप आहे, हे डोळ्यांना दिसतं. सिग्नलची शक्ती दुप्पट झाली तरी फक्त एकच दिवा वर चढतो. एलएम३९१४ घेऊ नका. ती दिसायला तशीच, पण सरळ प्रमाणात चालणारी आहे; आवाजासाठी वापरली तर हळू गाण्यात खालचे एकदोन दिवेच हलतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. दुकानात चिपचा नंबर नीट वाचून घ्या.

खरी अडचण मायक्रोफोनपाशी सुरू होते. बाजारात 'साउंड सेन्सर' म्हणून जे लहानसं निळं किंवा लाल बोर्ड मिळतं ते टाळी वाजवली की दिवा लावायला ठीक आहे. पातळी मोजायला कुचकामी. मॅक्स९८१४ चं मॉड्यूल दिसायला चांगलं, पण त्यात आवाज आपोआप सावरायची सोय असते. हळू आवाज ते वाढवतं, मोठा आवाज दाबतं. म्हणजे जे मोजायचं तेच ते पुसून टाकतं! मी आयएनएमपी४४१ सुचवतो. हा डिजिटल मायक्रोफोन ईएसपी३२ या लहानशा कंट्रोलर बोर्डाला आयटूएसच्या, म्हणजे डिजिटल आवाज नेणाऱ्या तारांनी थेट जोडता येतो, आणि त्याच्या डेटाशीटमध्ये आपल्याला हवा तो आकडा छापलेला असतो: ९४ डेसिबलच्या आवाजाला तो पूर्ण क्षमतेच्या २६ डेसिबल खाली असतो. म्हणजे पूर्ण क्षमता १२० डेसिबलला गाठली जाते. कोडमध्ये पूर्ण क्षमतेच्या तुलनेत काढलेल्या (म्हणजे उणे) पातळीत १२० मिळवले की ढोबळ डेसिबल हातात येतात.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. या मायक्रोफोनच्या आकड्यांत एक कायमचा सरकलेला भाग असतो, डीसी ऑफसेट. तो वजा केला नाही तर रिकाम्या खोलीतही मीटर अर्धा पेटलेला दिसतो आणि तुम्ही तासभर वायरिंग तपासत बसता. दुसरं, हा मायक्रोफोन साधारण ६० हर्ट्झच्या खाली ढिला पडतो. सबवूफरचा सगळ्यात खालचा दणका त्याला पुरता कळत नाही.

इथेच 'ए' आणि 'सी' वेटिंगचा, म्हणजे मोजताना कुठल्या वारंवारतेला किती वजन द्यायचं याचा विषय येतो. आपला कान खर्जातल्या आवाजाला कमी दाद देतो, म्हणून ए वेटिंगमध्ये खालच्या वारंवारता मुद्दाम कापलेल्या असतात: १००० हर्ट्झला काही फरक नाही, १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल कमी, ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कमी. सी वेटिंगमध्ये ६३ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा कमी होत नाही. याचा अर्थ असा, की छाती थरथरवणारा बेस वाजत असतानाही ए चा आकडा शहाण्यासारखा ९० वर बसू शकतो. शेजारच्या सोसायटीतले काका तक्रार घेऊन येतात ती याच बेसची, कारण भिंतीतून तोच आरपार जातो. आयएनएमपी४४१ वर ए वेटिंगचा आकडा विश्वासानं दाखवा. सी दाखवायचा मोह आवरा. त्यासाठी वेगळा मायक्रोफोन लागतो. आणि ए वेटिंग करणाऱ्या कोडमधल्या फिल्टरचे गुणांक सेकंदाला ४८००० सॅम्पलसाठी काढलेले असतील तर ते ४४१०० वर चालत नाहीत. इकडून तिकडून कोड उचलताना हे हमखास निसटतं.

आता वेग. साउंड लेव्हल मीटरच्या जगात 'फास्ट' म्हणजे १२५ मिलिसेकंद आणि 'स्लो' म्हणजे १ सेकंद, हे ठरलेले काळ आहेत. कन्सोलवरच्या जुन्या काटेवाल्या व्हीयू मीटरचा स्वभाव वेगळा. तो १९३९ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून ठरवला आणि त्याचा काटा ३०० मिलिसेकंदांत जागेवर पोचतो. श्रोत्यांसाठीच्या खांबाला यातलं काहीच बंधनकारक नाही. तिथे पट्टी झटकन वर आणि सावकाश खाली, सेकंदाला वीसेक डेसिबलच्या वेगानं उतरली की डोळ्याला बरी वाटते. वर सर्वोच्च पातळीचा एक ठिपका दीड-दोन सेकंद टांगून ठेवा. तबल्याची थाप पडते तेव्हा तो ठिपका वर उडी मारून थांबतो, आणि लोक त्याच्याकडेच बघतात.

साउंडवाल्याला मात्र ही नाचणारी पट्टी नको असते. त्याला आपण गेल्या पाव तासात सरासरी किती वाजवलं हे हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली संगीताच्या ठिकाणांसाठी जे मानक दिलं त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ए च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. ही सरासरी डेसिबलची बेरीज करून निघत नाही. साडेसात मिनिटं १०० आणि साडेसात मिनिटं ८० वाजवलं तर उत्तर ९० येत नाही, ९७ येतं, कारण सरासरी ऊर्जेची काढायची असते. आधी सिग्नलच्या वर्गांची (स्क्वेअरची) सरासरी, मग लॉग. माझ्या बघण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा इथे घसरतात, आणि तोंडी परीक्षेला नेमका हाच प्रश्न येतो.

कायद्याचे आकडे वेगळेच आहेत आणि ते पाठ असलेले बरे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ए आहेत, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी ते. मोजायचं हद्दीवर, स्टेजसमोर नाही, हा बारकावा मंडळांच्या कार्यकर्त्यांना समजावताना घसा कोरडा पडतो. आपला घरगुती मीटर या भानगडीत पुरावा म्हणून पुढे करू नका. त्यासाठी आयईसी ६१६७२ या साउंड मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारं, कॅलिब्रेट केलेलं यंत्र लागतं. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांमध्ये आवाज मोजत उभे राहतात. जमलं तर त्यांच्यासारख्या एखाद्या गटाबरोबर एक रात्र काढा. मोजमाप कसं नोंदवायचं हे तिथे कळतं.

आपल्या मीटरचं कॅलिब्रेशन कसं करायचं? ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर अर्ध्या किंवा एक इंची मायक्रोफोनसाठी असतो, आपल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकावर तो बसत नाही. त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमधून त्याच मानकातला क्लास २ चा मीटर मागून आणा, स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला सलग खरखरीचा आवाज) लावा, दोन्ही मायक्रोफोन शेजारी धरा आणि ७०, ८०, ९० वर दोन्ही आकडे ताडून बघा. फरक सगळीकडे सारखा असेल तर एक स्थिरांक मिळवला की काम झालं. वर जाताना फरक बदलत असेल तर फिल्टर किंवा ऑफसेटमध्ये काहीतरी बिघडलंय.

आता दिव्यांकडे. आमचा खांब दोन मीटरचा, डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या, दर मीटर लांबीला ६० दिवे असलेल्या पट्टीच्या चार रांगा. एका रांगेत १२० दिवे. स्केल ७० ते ११० डेसिबल ठेवलं की एका डेसिबलला बरोबर ३ दिवे येतात, हिशोब सुटसुटीत. एकूण ४८० दिवे. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे जवळजवळ २९ अँपिअर, ५ व्होल्टला! प्रत्यक्षात हिरवा २० आणि पिवळा ४० खातो, त्यामुळे कार्यक्रमात १५ अँपिअरच्या पुढे क्वचितच जातो. तरी सप्लाय ४० अँपिअरचा घ्या आणि प्रखरता कोडमधूनच बांधून टाका. कोणीतरी गंमत म्हणून सगळं पांढरं करणारच.

वीज एकाच टोकाला दिली तर वरच्या टोकाला व्होल्टेज पडतं. तिथला पांढरा आधी गुलाबीसर आणि मग तांबूस दिसायला लागतो. हे दिसलं की कोडमध्ये शोधू नका, वायर जाड करा. प्रत्येक रांगेला वेगळी दीड चौरस मिलिमीटरची जोडी, खाली-वर दोन्हीकडून वीज, आणि रांगेगणिक एक फ्यूज. डेटा लाइनला ३३० ओहमचा रेझिस्टर, सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि या दिव्यांना किमान ३.५ लागतो. टेबलावर चालतं, मंडपात लुकलुकतं. मध्ये सिग्नल ५ व्होल्टला चढवणारी ७४एचसीटी१२५ ही चिप टाका आणि विषय मिटवा. काही एसएमपीएसला, म्हणजे या ५ व्होल्टच्या सप्लायला, ११०/२२० चं बटण असतं. ते कुठे आहे हे प्लग लावण्याआधी बघा, नंतर धूर बघून कळतं.

मायक्रोफोन खांबात बसवायचा नाही. खांब स्टेजच्या कडेला, म्हणजे स्पीकरच्या कुशीत. तिथे सतत लाल. मायक्रोफोन कन्सोलजवळ, स्टँडवर, डोक्यांच्या वर, फोमची टोपी घालून. पण आयटूएसच्या तारा हातभरापेक्षा लांब नेता येत नाहीत. म्हणून एक ईएसपी३२ मायक्रोफोनपाशी ठेवा, तिथेच सगळा हिशोब करा आणि खांबाकडे फक्त आकडा पाठवा. वायफायनं पाठवायचा विचार गर्दीत सोडून द्या. मैदानात हजारो फोन आले की वायफायच्या त्याच लहरींवर गर्दी होऊन ते कोलमडतं. लांब तारेवरून आकडे नेणारे मॅक्स४८५ चे दोन बोर्ड आणि लॅनची वायर घ्या. सेकंदाला वीस वेळा एक आकडा पाठवायचा असेल तर ९६०० चा वेगही पुरतो. वायर स्टेजच्या पॉवर केबलपासून लांबून न्या आणि लोकांच्या पायाखाली येईल तिथे टेपनं चिकटवा.

कन्सोलवरचा आकडा म्हणजे पहिल्या रांगेतला आकडा नाही, हेही लक्षात असू द्या. मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो. कन्सोल २० मीटरवर असेल आणि तिथे ९६ दिसत असेल, तर ५ मीटरवर बसलेल्याच्या कानावर १०८ आदळतंय. लाइन अरेला, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या माळेला, जवळच्या अंतरात हा हिशोब लागू पडत नाही.

पेटीसाठी अॅल्युमिनियमचं सेक्शन आणि समोर दुधी अॅक्रिलिक, साइनबोर्डवाले कापून देतात. दिव्यांमधलं अंतर साधारण १७ मिलिमीटर, तेवढंच अंतर पट्टी आणि अॅक्रिलिकमध्ये ठेवा म्हणजे ठिपके विरघळून सलग पट्टी दिसते. मागच्या बाजूला हवेला जागा सोडा.

या कामातून नोकरी मिळते का, असं ज्युनिअर विचारतात. मीटर दाखवून थेट मिळत नाही. पण साउंड कंपनीत हाताखाली काम करायला उभं राहायचं असेल, तर केबल गुंडाळता येणं आणि सरासरी पातळी म्हणजे काय हे सांगता येणं या दोन गोष्टींवर माणूस आत घेतला जातो, असं मी पाहिलंय.

कन्सोलपाशी खांबासाठी एक मंद करायचं नॉब आणि एक बंद करायचं बटण नक्की द्या. बँडच्या कार्यक्रमात त्याची गरज पडत नाही. पण भावगीतांच्या किंवा रागदारीच्या मैफलीत आलाप सुरू असताना शेजारी दोन मीटरचा हिरवा खांब श्वास घ्यायला लागला की गायकाची चिडचिड होते, आणि त्यांनी माइकवरून सांगायच्या आत ते बटण दाबलेलं असावं.