टोमॅटो गॅलेटचा तळ ओला राहायचा, त्यावरचा उपाय

फ्रेंच गॅलेट म्हणजे मैदा-लोण्याच्या पोळीत सारण घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ; त्याला साचा लागत नाही. पोळी लाटा, मधे सारण, कडा वेड्यावाकड्या दुमडा. कामाच्या दिवशी रात्री हेच परवडतं. पण टोमॅटोच्या पाण्याने तळ लिबलिबीत व्हायचा. आता चकत्यांना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवते, मग फडक्याने टिपते. सारणात वेगळं मीठ नको. पोळीवर आधी चमचाभर बारीक रवा भुरभुरते, उरलंसुरलं पाणी तो पितो. खरा फरक पडला तो ट्रेने: २०० अंशांवर ओव्हनमध्येच तापवायचा, त्यावर बटर पेपरसकट गॅलेट सरकवायचं, खालच्या कप्प्यात, ४० मिनिटं. लोणी थंडगारच हवं. मैद्यातल्या त्याच्या तुकड्यांच्या वाफेने पापुद्रे सुटतात. ताजं मोझरेला घालणार असाल तर तेही टिपून घ्या.