हेकरूसाठी गळ: तळालगतच्या पहिल्या दोन मीटरांची तयारी

किनाऱ्यावरून किंवा खाडीत मासे धरण्याचा सराव झालेल्या, रीळ (दोरी गुंडाळायचे यंत्र), लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा), ड्रॅग (दोरी सुटण्याला रोखणारा रिळातला ब्रेक) हे शब्द अंगवळणी पडलेल्या आणि आता नावेतून खोल पाण्यातल्या खडकांवर हेकरूच्या, म्हणजे ग्रूपर कुळातल्या माशांच्या, मागे जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. या माशाची एक सवय नीट ध्यानात घेतली तर साधनांच्या निवडीतला बराचसा गोंधळ आपोआप मिटतो. ट्यूना गळाला लागला की मोकळ्या पाण्यात शेकडो मीटर धावतो आणि त्याला धावू देऊनच दमवावे लागते. हेकरू धावत नाही. तो कपारीच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याच्या तोंडाशी दबा धरून बसतो, भक्ष्य टप्प्यात आले की जबडा एकदम फाकून ते पाण्यासकट आत ओढून घेतो आणि त्याच दमात वळून आपल्या बिळात शिरतो. बिळात शिरलेला हेकरू कल्ले आणि पर फुगवून असा घट्ट बसतो की त्याला बळाने बाहेर ओढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून ही झुंज तळापासूनच्या दोन मीटरांत आणि पहिल्या चार-पाच सेकंदांत ठरते. पुढचे पन्नास-साठ मीटर हे मुख्यतः वजन वर उचलण्याचे काम असते.

नवशिक्याचा मासा सुटतो तेव्हा हाती आलेले दोरीचे टोक खरवडलेले असते आणि त्यावरून तो असा निष्कर्ष काढतो की दोरी कमी ताकदीची होती. मग पन्नास पौंडांच्या ओढीपर्यंत टिकणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, जाऊन पासष्टची येते, पासष्टची जाऊन शंभरची येते आणि मासे तसेच सुटत राहतात. या चक्रात मी स्वतः बराच काळ फिरलो आहे, म्हणून हा मुद्दा गरजेपेक्षा जास्त लांबवून सांगणार आहे. दोरी बहुतेक वेळा ओढीने तुटलेलीच नसते. ती रिळातून सरकलेली असते, त्या सरकण्यामुळे मासा खडकाआड पोहोचलेला असतो आणि खडकावर घासल्यामुळे दोरी नंतर तुटलेली असते. म्हणजे शोध तुटण्याच्या कारणाचा नव्हे, तर सरकण्याच्या कारणाचा घ्यायला हवा.

सरकण्याचे सहसा कोणाच्या लक्षात न येणारे कारण स्पूलच्या, म्हणजे रिळातल्या दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या, तळाशी असते. ब्रेड दोरी पॉलिथिलीनच्या तंतूंची असते आणि ते तंतू अत्यंत निसरडे असतात. अशी दोरी स्पूलच्या गुळगुळीत धातूला थेट बांधून तिच्यावरच तीनशे मीटर गुंडाळली, तर लहान माशांच्या ओढीत काहीही वावगे जाणवत नाही. आठ-नऊ किलोंची ओढ एकदम आली की मात्र दोरीचा सगळा गठ्ठा स्पूलभोवती गरगर फिरू लागतो. अशा वेळी स्पूल स्थिर असतो, ड्रॅग घट्ट असतो आणि तरीही दोरी जात असते. ड्रॅगचा लिव्हर कितीही पुढे रेटला तरी फरक पडत नाही, कारण घसरण ड्रॅगच्या चकत्यांमध्ये झालेलीच नसते. हँडल फिरवले तर स्पूल फिरतो, दोरी मात्र आहे तिथेच राहते. ड्रॅग खराब झाला असे समजून रीळ उघडून चकत्या बदलणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा मला काहीही अधिकार नाही.

याची ओळख पटवणे अवघड नाही. दोरी जात असताना रिळाचा क्लिकर चालू असूनही गप्प राहिला, तर स्पूल फिरत नाही हे उघड आहे. त्याहून खात्रीची चाचणी किनाऱ्यावरच करावी. स्पूलच्या कडेवर पेनाने एक खूण करावी, ड्रॅग पूर्ण आवळावा, दोरीच्या टोकाला हुकाचा वजनकाटा लावावा आणि दुसऱ्या कोणाला तो जोरात ओढायला सांगावे. खूण जागेवर राहून दोरी बाहेर येऊ लागली, तर दोष सापडला असे समजावे. उपायही स्वस्त आहे: आधी पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी स्पूलवर घट्ट आवळून गुंडाळावी, तिला ब्रेड जोडावी आणि मग पुढची सगळी ब्रेड ओल्या फडक्यातून दाबून, भरपूर ताण देत भरावी. नायलॉन धातूला धरून बसते. ताण देऊन भरण्याचे कारण वेगळे आहे: सैल भरलेल्या ब्रेडमध्ये जोराच्या ओढीने वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो आणि पुढच्या वेळी शिसे (दोरी तळाशी नेणारे वजन) खाली सोडताना दोरी तिथेच अडकते. नवे रीळ दुसऱ्या कोणाकडून भरून घेतले असेल तर ही चाचणी केल्याशिवाय ते नावेत नेऊच नये.

याच वजनकाट्याने ड्रॅगही मोजावा. हाताने दोरी ओढून ‘पुरेसा घट्ट आहे’ असे ठरवणाऱ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, कारण बोटांना पाच किलोंची ओढसुद्धा फार वाटते. पासष्ट पौंडांची ब्रेड म्हणजे सुमारे साडेएकोणतीस किलो. तिच्यावर नऊ ते दहा किलोंचा ड्रॅग ठेवता येतो आणि गाठ चांगली असेल तर दोरीला काहीही होत नाही. मोजताना दोरी रॉडच्या सर्व कड्यांतून घालून, रॉड वाकलेल्या अवस्थेत मोजावी, कारण कड्यांच्या घर्षणाने प्रत्यक्ष ओढ वाढते. दहा किलोंची ओढ ही काय चीज आहे हेही त्यातून कळते. कमरेला गिंबल पट्टा (रॉडचा बुंधा टेकवायचा पट्टा) न लावता ती पेलायला गेलेल्या माणसाचा तोल डुलत्या नावेत सहज जाऊ शकतो. ड्रॅग जितका घट्ट, तितके पाय रोवून उभे राहण्याला महत्त्व. ताणलेली ब्रेड किंवा लीडर हाताभोवती कधीही गुंडाळू नये. त्याने बोट कापले जाते, आणि हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही.

एवढे साधले की उरलेल्या निवडी पुष्कळ सोप्या आहेत. दोरी ब्रेडच का, याचे उत्तर ताणात आहे. नायलॉनची दोरी ओढीखाली लांबते, आणि साठ मीटर पाण्यात ती केवळ दहा टक्के लांबली तरी माशाला सहा मीटर फुकट मिळतात, जेव्हा त्याचे बीळ दोन मीटरांवर असते. रॉड आखूड आणि जाड बुंध्याचा, साडेपाच ते साडेसहा फुटांचा असावा. लांब रॉडने तरफेचा फायदा माशाला मिळतो आणि तोटा आपल्या पाठीला होतो. रिळाबाबत माझे मत जरा हट्टी आहे: नवशिक्याने कमी गिअर रेशोचे (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फिरतो ते प्रमाण), चार किंवा पाचास एकच्या आसपासचे साधे आडवे रीळ घ्यावे. जास्त वेगाच्या रिळात हँडलच्या एका फेऱ्यात दोरी जास्त येते खरी, पण वजन लटकले असताना ते हँडल फिरतच नाही आणि नेमक्या त्या क्षणी हात थबकतो. इलेक्ट्रिक रिळावर शिकू नये. ते वाईट साधन आहे असे मी म्हणत नाही, फार खोल पाण्यात त्याला पर्यायही नसतो. परंतु माशाने वळण कधी घेतले हे हाताला कळायला हवे, आणि ते बटण दाबून कळत नाही.

लीडर ऐंशी ते शंभर पौंडांचा आणि दीड-दोन मीटरांचा पुरतो. फ्लुरोकार्बनच हवा असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतील. त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळचा असल्याने तो कमी दिसतो हे खरे आहे, पण अंधाऱ्या तळाशी जाड नायलॉननेही मासे येतात आणि वाचलेले पैसे गळांवर व शिशावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते, कारण खडकांवर दोन्ही सतत हरवतात. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोटे फिरवावीत आणि खरखरीत लागले तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधावी. आळसाने सुटणाऱ्या माशांची संख्या कमी नसते. शिसे तळाला स्थिर टेकेल इतपतच जड असावे; प्रवाह वाढला की वाढवावे, ओसरला की कमी करावे. सरकते शिसे आणि त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) ही रचना नवशिक्याला पुरेशी आहे, आणि पाकिटातून मिळणाऱ्या मण्यांच्या, चमकत्या पात्यांच्या तयार जुळण्यांनी हेकरू भुलत नाही, विकत घेणारा भुलतो.

गळ सात-शून्य ते नऊ-शून्य (७/० ते ९/०) आकाराचा, टोक बाजूला न वळवलेला सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) असावा आणि तो स्टेनलेस नसावा, म्हणजे माशाच्या तोंडात राहिलाच तर गंजून जाईल. सर्कल हुकाशी जुळवून घेणे जुन्या सवयीच्या माणसाला जड जाते. मासा लागल्याचे जाणवताच रॉड झटक्याने वर उचलण्याची सवय हाडात मुरलेली असते, आणि सर्कल हुकावर नेमका हाच झटका गळ तोंडातून बाहेर काढतो. रॉडचे टोक पाण्याकडे ठेवावे, दोरी जड होऊ लागली की काहीही न उचलता रीळ वेगाने फिरवत राहावे. गळ आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. रॉड उचलायचा तो पाच-सहा फेरे आत आल्यावरच. शिवाय शिसे तळाला लागले की लगेच दोन-तीन फेरे वर घ्यावे. आमिष खडकांच्या भेगेत पडून राहिले तर मासा घरातच बसून खाईल आणि त्याला बाहेर काढायचे कामही तुमच्याच वाट्याला येईल.

जिवंत लहान मासा हे सर्वांत भरवशाचे आमिष आहे, त्याखालोखाल माकूल किंवा ताज्या माशाचा तुकडा. धातूचे जिग, म्हणजे जड कृत्रिम आमिष, वापरायचे असतील तर आधी आमिषावर दोन-चार हेकरू काढून तळाची जाण येऊ द्यावी. संथ लयीत उचलून सोडायच्या जिगचे तंत्र सुंदर आहे, पण त्यात चावा बहुधा जिग खाली पडत असताना येतो आणि सैल दोरीतला तो चावा ओळखायला सराव लागतो.

इतके करूनही मासा बिळात गेला तर ओढाताण करू नये. रॉड ठेवून दोरी पूर्ण सैल सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. ओढ नाहीशी झाली की पुष्कळदा मासा स्वतःच हलतो. दोरी सरकताना दिसली की लगेच रीळ फिरवायला घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे दोरी ताठ ठेवून ती तंबोऱ्याच्या तारेसारखी बोटाने छेडत राहणे. दोन्ही उपाय कधी चालतात, कधी चालत नाहीत, आणि न चालल्यास दोरी कापून पुढे जाण्यात कमीपणा नाही. अनुभवी माणसांचेही मासे खडकात जातात, फक्त ते त्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

नावेची जागा हा मुद्दा नवशिक्याच्या हातात नसतो, कारण ते तांडेलाचे काम असते, पण तो समजून घ्यावा. नांगर खडकाच्या बराच वर, प्रवाहाच्या उगमाच्या दिशेला टाकून दोरी सोडत सोडत नाव अशी आणली जाते की आमिष खडकाच्या कडेशी उतरेल. नाव थेट खडकावर उभी असेल तर मासा लागल्यावर त्याला कपारीपासून दूर नेणारा कोन मिळत नाही. फिश फाइंडरच्या (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर नुसते उंचवटे शोधण्यापेक्षा कठीण तळाची कडा आणि तिच्यावर दाटलेले लहान मासे शोधावेत. जागांचे आकडे उदारपणे वाटणाऱ्याला गुरू मानण्याची घाई करू नये. तुमचे अडकलेले शिसे कोणत्या कोनातून ओढल्यास सुटते हे न कंटाळता दाखवणारा खलाशी शंभर पटींनी अधिक शिकवतो, आणि त्याच्याशी आदराने वागणाऱ्याला तो शिकवतोही.

आता सोडून द्यायच्या माशाविषयी. हेकरू सावकाश वाढतात आणि त्यांच्या अनेक जातींमध्ये मासा आधी मादी असतो व मोठा झाल्यावर नर होतो, त्यामुळे फक्त मोठे मासे काढत गेल्यास नरच संपत जातात. कॅरिबियन भागातल्या नासाऊ ग्रूपरची नोंद २०१८ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे, आणि प्रजननासाठी एकाच जागी जमणाऱ्या त्याच्या झुंडींवर झालेली मासेमारी हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या पाण्यात कोणती जात, कोणता आकार आणि कोणता हंगाम बंद आहे हे निघण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे. नावेत उत्साहाच्या भरात ते कोणी तपासत नाही.

पण लहान मासा नुसता पाण्यात टाकला म्हणजे तो वाचला असे नाही. तीस मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे वर येताना माशाच्या वायुकोशातली (तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीतली) हवा चौपट फुगू पाहते, डोळे बाहेर येतात आणि जठर तोंडातून बाहेर ढकलले जाते. ते फुगलेले जठर म्हणजेच वायुकोश असे समजून त्यालाच भोसकणारे लोक आहेत. त्याने मासा हमखास जखमी होतो. योग्य उपाय म्हणजे खाली नेऊन सोडणारे साधन: जबड्याला लावायचा वजनदार चिमटा, जो ठरावीक खोलीवर दाबाने उघडतो आणि वाटेत हवा पुन्हा आक्रसल्याने मासा पोहत निघून जातो. अमेरिकेत २०२२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने मेक्सिकोच्या आखातात खडकांवरील माशांसाठी जाणाऱ्या नावेवर असे साधन किंवा हवा काढण्याची सुई हाताशी सज्ज ठेवणे बंधनकारक केले. हे साधन पिशवीत असून उपयोग नाही. मासा वर आल्यावर ते शोधण्यात आणि बांधण्यात जाणारी मिनिटेच त्याच्या जिवावर बेततात, म्हणून एका जादा रॉडला चिमटा आणि वजन बांधून, खोली ठरवून, तो रॉड पहिले आमिष पाण्यात जाण्यापूर्वीच कठड्याजवळ उभा करून ठेवावा.