ट्विलचे टॉवेल विणताय? या चुका टाळा

चार शाफ्टच्या (उभे धागे उचलणाऱ्या चौकटींच्या) मागावर भांडी पुसायचे ट्विलचे, म्हणजे तिरप्या रेषांच्या विणीचे, टॉवेल विणायला घेतले की शिकाऊ मंडळींची तक्रार ठरलेली: तिरप्या रेषा उठतच नाहीत. मग दोष सुतावर जातो. खरा घोटाळा बहुतेक वेळा पहिला धोटा (आडवा धागा नेणारी नळी) टाकायच्या आधीच झालेला असतो.

ताणा (उभे धागे) साध्या, म्हणजे एकावरून-एकाखालून विणीच्या मापाने लावणं. ट्विलमध्ये बाणा (आडवा धागा) दोन धाग्यांवरून आणि दोनांखालून जातो. गुंतण कमी, म्हणून ताणा जास्त दाट लागतो. पट्टीवर एक इंचभर सूत शेजारी शेजारी गुंडाळा. ३६ फेरे बसले, तर साध्या विणीला इंचाला १८ धागे आणि ट्विलला २४. अठरावरच ट्विल विणलं, तर धुतल्यावर हातात जाळी येते आणि चमचे त्यात अडकतात. फणीचा (ताण्याचे धागे अंतरावर ठेवणाऱ्या आणि बाणा ठोकणाऱ्या पट्टीचा) नंबरही नीट वाचा. आपल्याकडे ४८ ची फणी म्हणजे बहुधा दोन इंचांत ४८ घरं (धागे जायच्या फटी), म्हणजे इंचाला २४. इंचाला ४८ समजून एकआड एक घर सोडलं, की ताणा निम्म्यावर आला.

ओवणी, म्हणजे ताण्याचे धागे शाफ्टवरच्या हेडलांतून (धागा ओवायच्या डोळ्यांतून) कोणत्या क्रमाने घेतले ते, न तपासता विणायला बसणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उदाहरण नेहमीचं: २० इंच रुंदी, ४८० धागे, एका बैठकीत ओवलेले. मध्ये कुठेतरी शाफ्टचा क्रम १-२-३-४ ऐवजी १-२-४ झालं. कापडावर उभी रेघ दिसते, पण ‘धुतल्यावर जाईल’ म्हणत चार टॉवेल विणून होतात. रेघ जात नाही. चारही टॉवेलांत ती त्याच जागी असते. आडवा दोष पावडी (शाफ्ट उचलायची पायपट्टी) चुकल्याचा, तो उसवता येतो. उभा दोष ओवणीचा किंवा फणीचा, तो मागावरून कापड उतरेपर्यंत सोबत राहतो.

म्हणून दहा-दहा आवर्तनं, म्हणजे ४० धागे, ओवून झाले की मोजायचे आणि सैल गाठ मारायची. सगळं झाल्यावर आधी १-३ आणि मग २-४ शाफ्ट उचलून दोन इंच साधी वीण विणायची. शेजारचे दोन धागे एकत्र उठले, तर चूक तिथेच. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोकांना डिझाइनची घाई. ३ आणि ४ ची अदलाबदल झाली असेल, तर तेवढे दोन धागे काढून पुन्हा ओवा. हेडल वेगवेगळ्या शाफ्टवर असल्याने आड येत नाहीत. धागाच राहिला असेल, तर त्या शाफ्टवर दोऱ्याचं हेडल बांधा, नवा धागा मागे वजन लावून सोडा आणि तिथून काठापर्यंत फणी पुन्हा भरा. कंटाळवाणं आहे, पण एकाच घरात दोन धागे कोंबायचा शॉर्टकट कापडावर लगेच दिसतो.

काठाचा धागा सुटणं. दोन्ही टोकांना एकेक धागा हेडलमधून न घेता फक्त फणीतून घ्या. धोटा आत जाताना त्याच्यावरून, बाहेर येताना खालून.

ठोक. ताण्याइतकाच बाणा, म्हणजे इंचाला २४, बसला की रेषा ४५ अंशांत येते. जोरात ठोकलं की ती आडवी पडते, हलकं ठोकलं की उभी. चौरस कागद कर्णावर दुमडून लावून बघा.

टोकदार ट्विल. ओवणी १-२-३-४-३-२. वळणावर ४ दोनदा घेऊ नका, टोक बोथट होतं. ताणा-बाणा एकाच रंगाचा ठेवून डिझाइन दिसत नाही म्हणणाऱ्यांनी बाण्याचा रंग बदलावा.

पावसाळा. मुंबईच्या दमटपणात लोखंडी फणी गंजते आणि पांढऱ्या ताण्यावर तपकिरी डाग पडतात. माग बंद ठेवताना ताण सैल करा. रिकामी फणी पुसून, मशीनच्या तेलाचा हलका हात देऊन कागदात गुंडाळून ठेवा, आणि पुन्हा लावण्याआधी तेल नीट पुसा.

टॉवेल मागावरून उतरल्यावर लगेच पाणी शोषत नाही म्हणून घाबरू नका. सुताची खळ गरम पाण्याच्या एक-दोन धुण्यांत निघते. कापड त्यात दहा टक्क्यांच्या आसपास आटतं, म्हणून कडा दुमडायच्या त्या धुतल्यानंतरच.